मुसलमान स्त्रीचे हक्क : कागदावरचे आणि पदरातले

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी बाहेरच्या कोणी विदुषी येतात, आणि आपण सतरंजीवर बसून ऐकतो. यंदा कार्यवाहबाईंनी ठरवले की मंडळातल्याच एखादीने बोलावे. विषयही त्यांनीच दिला. ‘मुसलमान समाजातील स्त्रीचे हक्क’ हा विषय मंडळात मीच बोलू शकेन, असे त्यांचे म्हणणे पडले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या मोहल्ल्यातली उर्दू शाळा तेवढ्यावरच संपत असे, आणि हायस्कूल नदीपलीकडे होते. मुलीला होडीतून एकटी कोण पाठवणार? तेव्हा विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून व्हायचे नाही. मंडळाच्या कपाटातली पुस्तके आणि रोजचे वर्तमानपत्र यांतून जे वाचले, आणि आमच्या घरांतून जे पाहिले, ते सांगते.

या विषयावर दोन तऱ्हेची माणसे मला भेटतात. एक म्हणतात, तुमच्या धर्मात बाईला काही हक्कच नाहीत. दुसरी, म्हणजे आमचीच, म्हणतात की धर्माने बाईला चौदाशे वर्षांपूर्वीच सगळे दिले आहे, आता मागायचे काय उरले? दोघांचेही बोलणे मला पटत नाही. का पटत नाही, तेच आज सांगायचे आहे.

पहिल्यांदा धर्मात काय आहे ते पाहू. आमचा निकाह हा करार असतो. त्याला मुलीची संमती लागते, साक्षीदार लागतात आणि मेहेर ठरवावा लागतो. मेहेर म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम. ती तिच्या बापाची नव्हे, सासऱ्याची नव्हे, तिची स्वतःची. बापाच्या मिळकतीत मुलीला मुलाच्या निम्मा वाटा आहे. नवरा वारला तर मूलबाळ असताना बायकोला आठवा हिस्सा आणि नसताना चौथा हिस्सा आहे. नवऱ्याशी पटत नसेल तर बाईला ‘खुला’ मागता येतो, म्हणजे आपण होऊन सुटका मागता येते. माझ्या हिंदू भगिनींना आठवण करून देते की आपल्याकडे हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मुंबई इलाख्यात १९४७ साली आणि साऱ्या देशात १९५५ च्या कायद्याने मिळाला. मुलीला मुलाबरोबरीने वडिलार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा साऱ्या देशात मिळायला तर २००५ साल उजाडावे लागले. हे मी चढाओढीसाठी सांगत नाही. ‘तुमच्यात काहीच नाही’ म्हणणाऱ्यांना ठाऊक असावे म्हणून सांगते.

आता दुसरी बाजू. हे जे सगळे दिले म्हणतात, ते बाईच्या पदरात किती पडते? मेहेर निकाहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवतात, पण हातात क्वचितच मिळतो. ‘नंतर देऊ’ म्हणून तो राहतो तो राहतोच. आणि नवऱ्याचा जनाजा उठायच्या वेळी म्हाताऱ्या बायका येऊन त्या रडणाऱ्या बाईला सांगतात, ‘मेहेर माफ कर, म्हणजे त्याचा जीव सुटेल.’ अशा वेळी ‘नाही’ म्हणायची छाती कोणाची होणार? मिळकतीचेही तेच. भाऊ तलाठ्याकडे नेतो, बोट दाखवतो तिथे बहीण सही करते. तिने हिस्सा मागितला तर माहेर तुटते. या एका बाबतीत तुमच्यात आणि आमच्यात काही फरक नाही. हक्कसोडपत्रावर सही करून आलेल्या किती जणी इथे बसल्या आहेत, ते मी विचारत नाही. ज्यांचे त्यांना ठाऊक.

आणि तलाक. कुराणात तलाकची जी रीत आहे ती घाईची नाही. आधी समजूत घालावी, मग एक पंच तिच्या घरचा आणि एक त्याच्या घरचा बसवावा, मग तलाक दिला तरी साधारण तीन महिन्यांची इद्दत, आणि त्या मुदतीत पुन्हा जमवून घेण्याची वाट मोकळी. पण चालत आली ती रीत वेगळी. नवऱ्याने रागाच्या भरात एका दमात तीन वेळा शब्द उच्चारला की संसार संपला. आमचे मौलवीसुद्धा या रीतीला ‘बिदअत’, म्हणजे मागाहून घुसलेली वाईट चाल, म्हणत. पण चाल वाईट आहे म्हणायचे आणि तलाक मात्र झाला म्हणायचे, असा तो न्याय होता. इजिप्तने १९२९ साली कायदा करून एका बैठकीतले तीन तलाक एकच धरायचे ठरवले. ट्युनिशियाने १९५६ साली तलाक कोर्टाबाहेर होणारच नाही असे केले, आणि दुसरी बायको करण्यावरही बंदी घातली. पाकिस्ताननेही १९६१ साली तलाकची लेखी सूचना आणि नव्वद दिवसांची मुदत घातली, आणि दुसऱ्या लग्नाला मंडळाची परवानगी लागेल असे केले. ही सगळी मुसलमानांचीच राज्ये. तेव्हा चाल बदलली की धर्म बुडतो, हे म्हणणे काही खरे नाही.

आपल्या देशात यासाठी पहिले पाऊल टाकणारे गृहस्थ आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. हमीद दलवाई यांचा जन्म १९३२ साली चिपळूणजवळच्या मिरजोळीत झाला. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. त्या मोर्च्यात बायका किती होत्या? फक्त सात. त्या सातजणींत त्यांच्या पत्नी मेहरुन्निसाबाई होत्या. तोंडी तलाक बंद करा, एकापेक्षा जास्त बायका करण्याची मोकळीक बंद करा, अशा मागण्यांचे निवेदन त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना दिले. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाई १९७७ साली, पंचेचाळिशीही न गाठता गेले. मेहरुन्निसाबाईंनी पुढे चाळीस वर्षे ते काम पाहिले. त्यांचे ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन आपल्या कपाटात आहे, ते जरूर वाचा. नवरा एवढा मोठा सुधारक, तरी घर चालवायची, नोकरीची आणि आजारपणाची ओढाताण कोणाच्या वाट्याला आली, हेही त्यात कळते.

सात बायका म्हणजे काही फार नव्हेत. पण मला विचाराल तर त्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकणे किती कठीण होते, हे मोहल्ल्यात राहणारीलाच समजेल. परक्याचा राग सोसवतो. आपल्याच मावशीने दार लावून घेतले तर ते सोसणे कठीण जाते.

पुढे शहाबानोंचा खटला झाला. त्या इंदूरच्या. त्रेचाळीस वर्षे संसार केल्यावर वकील असलेल्या नवऱ्याने १९७५ साली घराबाहेर काढले. १९७८ साली त्यांनी पोटगी मागितली तेव्हा नवऱ्याने तलाक दिला, आणि मेहेराचे तीन हजार रुपये कोर्टात भरून मोकळा झाला. खालच्या कोर्टाने पोटगी ठरवली महिना पंचवीस रुपये. हायकोर्टाने ती १७९ रुपये २० पैसे केली. तेवढ्यासाठी तो वकील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला! २३ एप्रिल १९८५ रोजी न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने शहाबानोंच्या बाजूने निकाल दिला. त्यावर देशभर मोर्चे निघाले, आणि १९८६ साली सरकारने नवा कायदा केला. त्याचा अर्थ लोकांनी असा घेतला की तलाक दिलेल्या बाईला इद्दतीपुरतीच पोटगी. शहाबानोंवर एवढे दडपण आले की अखेर त्यांनी स्वतःच आपल्याला तो निकाल नको असे जाहीर केले. जिंकलेल्या म्हातारीला जिंकलेले परत करावे लागले. ही गोष्ट आमच्या बायकांना न सांगता समजते.

तरी काम थांबले नाही. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच १९८६ च्या कायद्याचा अर्थ लावून सांगितले की इद्दतीच्या मुदतीत नवऱ्याने बायकोच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद करून दिली पाहिजे. २००२ च्या मे महिन्यात आपल्या मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसते ‘मी तलाक दिला’ म्हणून भागत नाही. कारण दाखवावे लागेल, आणि आधी समेटाचा प्रयत्न केल्याचे सिद्ध करावे लागेल.

हे निकाल मला पाठ आहेत, ते माझ्या धाकट्या बहिणीमुळे. २००८ साली तिच्या नवऱ्याचे पत्र आले. वहीच्या अर्ध्या पानावर तीन ओळी. कडेवर दीड वर्षाचा मुलगा. आमच्या वडिलांनी ते पान घेऊन जाणत्या मंडळींना दाखवले. ते म्हणाले, वाईट झाले, पण झाले. मी तेव्हा तालुक्याच्या कोर्टात जाऊन चौकशी केली. तिथे समजले की कोणत्याही बाईला, तिची मिळकत कितीही असो, सरकारतर्फे फुकट वकील मिळतो. त्या वकीलबाईंनी पत्र वाचले आणि म्हणाल्या, २००२ च्या निकालाप्रमाणे हा तलाकच नव्हे, तुमची बहीण अजून त्याची बायको आहे. अडीच वर्षांनी महिना बाराशे रुपये पोटगी लागू झाली.

पण खरी अडचण पुढेच होती. कोर्ट म्हणे ही बायको आहे. मोहल्ला म्हणे ही तलाकशुदा आहे. दुसरे लग्न करावे तर कोर्टाचा कागद आड येई, आणि नवऱ्याकडे जावे तर लोक म्हणत पाप आहे. नवऱ्याने मात्र वर्षाच्या आत दुसरी आणली, त्याला कोणी काही विचारले नाही. शेवटी १९३९ चा कायदा कामी आला. त्या कायद्याने नवऱ्याने दोन वर्षे पोसले नाही, चार वर्षे त्याचा पत्ता नाही, किंवा तो छळ करतो, अशा कारणांवरून मुसलमान स्त्रीला कोर्टाकडून निकाह रद्द करून घेता येतो. माझ्या बहिणीने तो करून घेतला. आज ती शिवणाचे क्लास चालवते, आणि मुलगा आयटीआयत आहे. त्या सगळ्यात तिची सात वर्षे गेली. मी म्हणते ते हेच : कायदा होता, पण तो आहे हे आमच्या घरात एकालाही ठाऊक नव्हते.

२००७ साली भारतीय मुस्लिम महिला आंदोलन उभे राहिले. त्यांची रीत दलवाईंहून निराळी. दलवाई राज्यघटनेच्या आधारे सर्वांना एक कायदा मागत. या बायका कुराण हातात घेऊन म्हणतात, यात जे आम्हांला दिले आहे तेच द्या. त्यांनी दहा राज्यांतल्या ४,७१० मुसलमान बायकांना विचारले, तेव्हा शंभरांत नव्वदांहून अधिक जणींनी तोंडी तलाक बंद व्हावा असे सांगितले. मुंबईच्या हाजी अलीच्या दर्ग्यात आतपर्यंत जायला बायकांना बंदी घातली होती, त्याविरुद्धही त्याच हायकोर्टात गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ ला निकाल त्यांच्यासारखा झाला, आणि नोव्हेंबरात बायका आत जाऊन आल्या.

कोणती रीत बरी, असे मला पुष्कळदा विचारतात. मी म्हणते, विहिरीत पडलेलीला वर काढताना दोर नारळाच्या सुंभाचा की सुताचा, हे पाहत बसू नये. दोन्ही दोर टाका.

उत्तराखंडमधल्या शायराबानोंना १०१५ नव्हे, तर आपल्या डोळ्यांदेखतच्या २०१५ साली तलाकनामा टपालाने आला. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणखी चारजणी आणि हे आंदोलनही गेले. २२ ऑगस्ट २०१७ रोजी पाच न्यायाधीशांपैकी तिघांच्या मताने एका दमातला तिहेरी तलाक रद्द झाला. मेहरुन्निसाबाई त्याच वर्षीच्या जूनमध्ये वारल्या. एकावन्न वर्षांपूर्वी त्या जे मागायला गेल्या होत्या, ते दोनअडीच महिन्यांच्या अंतराने त्यांना पाहायला मिळाले नाही.

मग २०१९ साली कायदा झाला. असा तलाक बोलून, लिहून, फोनवर, कसाही दिला तरी तो रद्द, आणि देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. याविषयी आमच्यात दोन मते आहेत, आणि ती तुम्हांला कळावीत. काहीजणी म्हणतात, भीती हवीच. काहीजणी म्हणतात, नवरा तुरुंगात गेला तर पोटगी कोण देणार, आणि त्याला आत घालणाऱ्या सुनेला सासर पुन्हा घरात घेईल काय? मला दुसऱ्या म्हणण्यातही तथ्य दिसते. शिवाय पुरुष शहाणे असतात. तलाकचा शब्द न काढता बायकोला माहेरी पोचवायचे आणि फिरकायचे नाही, हा मार्ग त्यांना मोकळाच आहे. टाकलेल्या बायका काही एकाच धर्मात नाहीत, हे मी वेगळे सांगायला नको. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सर्व स्त्रियांना लागू असलेल्या फौजदारी कायद्यातली पोटगी तलाक झालेल्या मुसलमान स्त्रीलाही मागता येते. शहाबानोंना जे मिळून गेले होते, ते एकोणचाळीस वर्षांनी घरी परत आले म्हणायचे.

दुसऱ्या बायकोचा प्रश्न मात्र राहिलाच आहे. महाराष्ट्रात आजही आमच्या नवऱ्यांना ती मोकळीक आहे. सगळेच तसे करतात असे नाही. माझ्या ओळखीच्या घरांत तसे फारच थोडे. पण करता येते एवढे ठाऊक असणेच पुरे होते. भांडणात तो शब्द नुसता उच्चारला तरी बाई गप्प बसते.

आता शेवटचे आणि माझ्या घरचे. माझ्या मोठ्या मुलीचे लग्न ठरत आहे. बोलणी झाली तेव्हा मी तीन गोष्टी मागितल्या. मेहेर निकाहाच्या दिवशीच रोख द्यावा. निकाहनाम्यात दोन अटी लिहाव्यात : हिच्या हयातीत आणि हिच्या मर्जीविरुद्ध दुसरे लग्न करायचे नाही, आणि तसे केले किंवा पोसले नाही तर तलाकचा अधिकार नवऱ्याने आधीच हिला दिला आहे. याला ‘तफवीज’ म्हणतात. ही काही मी काढलेली टूम नाही. आमच्या शरीयतमध्ये ती पूर्वापार आहे, आणि आपल्या न्यायालयांनीही मानलेली आहे. तिसरी गोष्ट, निकाहनाम्याची एक प्रत मुलीच्या हातात द्यावी.

यावर आमच्याच घरात वादळ उठले. थोरले दीर म्हणाले, शुभकार्यात फारकतीच्या गोष्टी म्हणजे अपशकुन. माझ्या मालकांनाही पहिल्यांदा रुचले नाही. मी त्यांना विचारले, तुम्ही होडी घेतलीत तेव्हा विमा उतरवलात, तो होडी बुडावी म्हणून काय? ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः काझीसाहेबांकडे जाऊन आले, आणि असे लिहिता येते म्हणाले. मुलाकडच्यांचे उत्तर अजून आलेले नाही. आज महिना झाला. स्थळ चांगले आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, आणि माझी मुलगी त्याला पसंत करून बसली आहे. रात्री कधी वाटते, हट्ट सोडावा. मुलीला मी तसे म्हटलेही. ती म्हणाली, ‘मावशीला विचार.’ मग मी तो विषय पुन्हा काढला नाही.

भगिनींनो, आता माझे मागणे. आपल्या मंडळात पापड होतात, भिशी होते, हळदीकुंकवाला तुम्ही मला कुंकवाऐवजी अत्तर लावून वाण देता, ते मी बारा वर्षे घेत आले आहे. त्याबरोबर एवढे करावे. ज्या घरात लग्न ठरेल, मग ते कोणाचेही असो, तिथे मंडळाच्या दोघींनी जाऊन मुलीच्या आईला विचारावे की लग्नाची नोंद करणार ना? मुसलमान घर असेल तर निकाहनाम्याची प्रत आणि मेहेर यांचेही विचारावे. महिन्यातून एक दिवस तालुक्याच्या विधी सेवा समितीतून वकीलबाईंना बोलवावे, त्या येतात. आणि हक्कसोडपत्रावर सही करायला कोणी बोलावले, तर आधी तो कागद मंडळात आणून वाचून घ्यावा. वाचल्यावर सही करायची की नाही, ते जिचे तिने ठरवावे. पण न वाचता करू नये.

आमच्या मोहल्ल्यातल्या चार बायका आज प्रथमच मंडळात आल्या आहेत, मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना पुढच्या सभेलाही यावेसे वाटेल, असे तुम्ही पाहा. बाकीचे पुढे आपण मिळून करू.